पडद्यामागचं पाणी

सकाळी उठून बघते तर सोमूचं अंथरूण मोकळं.

आधी वाटलं, परसात गेला असेल. परसात नव्हता, न्हाणीतही नव्हता. पुढच्या सोप्यात माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कपाळाला विभूती लावून, घडीचं लुगडं नेसून बसल्या होत्या. शेजारी आदल्या दिवशी भरून ठेवलेली पिशवी. चेहरा मात्र असा, की मयताला निघाल्यात. पहिल्या एस.टी.नं आम्ही तासगावहून मिरजेला जाणार होतो. तिथं त्या दिवशी सोमूच्या कानांचं ऑपरेशन होतं. माझे मालक एस.टी.त ड्रायव्हर, त्यांची मुक्कामाची गाडी होती, ते परस्पर दवाखान्यात येणार होते.

"सोमू कुठाय?" मी विचारलं.

"तुझ्याजवळ न्हाई?"

"नाही."

आत्याबाई उठल्या त्या थेट गिरणीकडं गेल्या. घराच्या अंगाला लागूनच आमची पिठाची गिरणी होती आणि माझे थोरले दीर ती चालवायचे. उजाडायच्या आत दार उघडून झाडलोट करायची, हा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. त्या दिवशी दाराला कुलूप होतं. उंबऱ्याशी त्यांच्या वहाणा नव्हत्या.

"अण्णानं नेलं पोराला," आत्याबाई म्हणाल्या आणि तिथंच कडीला धरून उभ्या राहिल्या.

माझ्या भाऊजींचं नाव सिद्राम, घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं. लग्न ठरलं तेव्हाच मला सांगितलं होतं, की थोरला जन्मापासून बहिरा आहे, पण मनानं सोनं आहे. ते खोटं नव्हतं. जातं तापलं की नाही हे ते त्याच्या लोखंडी कवचावर हात ठेवून ओळखायचे. पट्टा निसटायला आला तर पायाखालच्या थरथरीवरून त्यांना कळायचं. 'आई', 'नको', 'मी', 'दळण' असे चारदोन शब्द त्यांना बोलता येत. तेही घोगरे, फाटक्या कापडासारखे, आणि फक्त घरात. बाहेरच्या माणसापुढं त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. गावातली पोरं त्यांना मुका म्हणत.

घरात आम्ही सगळे खुणांनी बोलायचो. कपाळावरून तीन बोटं आडवी ओढली, की आत्याबाई. दोन्ही हातांनी चाक फिरवलं, की माझे मालक. हनुवटीला बोट लावलं, की मी, कारण मला तिथं तीळ आहे. आणि नाक पुसल्यासारखं केलं, की सोमू. त्याचं नाक बारा महिने वाहायचं.

त्यामुळंच झालं असं, की सोमूला कमी ऐकू येतं हे आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नाही. आमच्या घरात कुणी कुणाला पाठीमागून हाक मारतच नव्हतं. समोर यायचं, हात हलवायचे, ओठ मोठे करून बोलायचं, ही घराची रीतच होती. चार वर्षांचा झाला तरी पोरगं धड बोलत नव्हतं. 'पाणी'ला 'आई' म्हणायचं, 'भाकरी'ला 'आई' म्हणायचं. मी समजायचे, अण्णांच्या मांडीवर वाढलंय, खुणांवर भागतंय, बोलेल सवडीनं. बालवाडीच्या बाईंनी पहिल्यांदा सांगितलं. "वहिनी, पोरगं हट्टी नाही आणि ढ पण नाही. मी फळ्याकडं तोंड करून बोलले की त्याला काही समजत नाही. वळून बोलले की लगेच समजतं."

त्या दिवशी घरी आल्यावर सोमू पाटावर बसला होता. मी त्याच्या मागं उभी राहून हळूच हाक मारली. वळला नाही. थोडी मोठ्यानं मारली. वळला नाही. हातातलं उलथणं फरशीवर टाकलं, तेव्हा वळला आणि हसला.

गल्लीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. "अण्णाचा वारसा आलाय," असं लोक म्हणायला लागले. माझ्या तोंडावर नाही, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मिरजेला डॉक्टर मेहेंदळे म्हणून कानाच्या डॉक्टर होत्या. बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या. त्यांनी सोमूच्या कानात बत्ती लावून बघितलं, नाक बघितलं, तो रात्री तोंड उघडं ठेवून घोरतो का ते विचारलं. मग मला समोर बसवून म्हणाल्या, "कानाच्या पडद्यामागं एक पोकळी असते. तिथं हवा असायला हवी. तुमच्या मुलाच्या तिथं पाणी साठलंय. साधं नाही, डिंकासारखं चिकट. पडदा हलत नाही, म्हणून आवाज आत पोचत नाही. पाण्यात बुडी मारल्यावर आपल्याला बाहेरचं जसं ऐकू येतं, तसं त्याला ऐकू येतंय."

"म्हणजे बहिरा नाही?"

"आतला कान चांगला असावा असं मला वाटतंय. तपासणी करू. लहान मुलांत हे पुष्कळदा होतं आणि पुष्कळदा आपलं आपण जातंही. म्हणून लगेच काही करायचं नाही. तीन महिने वाट बघू. सर्दी झाली की दाखवायला आणा. त्याच्यासमोर कुणी विडी ओढू नका. बोलताना समोर बसून बोला. आणि हे नीट ऐका. कानात काही घालायचं नाही. तेल नाही, लसूण नाही, काडी नाही. कुणी कितीही सांगितलं तरी."

मी भाऊजींबद्दल सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "त्यांचं जन्मापासूनचं आहे? नक्की? घरी आईंना विचारून बघा. रक्तातलं असेल तर मला माहीत असलेलं बरं."

घरी येऊन मी आत्याबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"जन्मापासूनच," त्या म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

ते तीन महिने मला आठवतात ते नुसतं वाट बघणं म्हणून. मालकांनी विडी सोडली, त्यापायी आठवडाभर सगळ्यांवर डाफरत राहिले. मी रोज सोमूच्या मागं जाऊन कधी टाळी वाजवायचे, कधी त्याचं नाव घ्यायचे. एखाद्या दिवशी वळायचा. मी हरखून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दगड. भाऊजी गिरणीच्या दारातून हे सगळं बघत असायचे. टाळी वाजवून मी कशाची परीक्षा घेते, हे त्यांना बरोबर समजत होतं. सोमू वळला नाही की ते मान खाली घालून दळणाच्या डब्याकडं वळायचे.

एकदा शेजारच्या इंदूकाकू वाटीत लसणाचं कोमट तेल घेऊन आल्या. मी नको म्हणणारच होते, तेवढ्यात आत्याबाई आतून आल्या, त्यांनी ती वाटी हिसकावली आणि अंगणात भिरकावली. इंदूकाकूंच्या पदरावर तेलाचे शिंतोडे उडाले.

"पोराच्या कानाला कुणी हात लावायचा न्हाई!" आत्याबाई ओरडल्या. "कुणी म्हंजे कुणी. तू न्हाई, डॉक्टर न्हाई, कुणीच न्हाई!"

इंदूकाकू वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत. आणि मला आत्याबाईंचा काही थांग लागेना. जुनी बाई, दवाखान्याला भिणार, ते समजत होतं. पण घरच्या तेलालाही भिणारी जुनी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

तीन महिन्यांनी पाणी तसंच होतं. यंत्रावर तपासणी झाली. आतला कान चांगला निघाला. डॉक्टर म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही. बोलायचं वय निघून चाललंय. नाकाच्या मागं गाठ वाढलीय ती काढायची, पडद्याला बारीक छेद देऊन आतलं पाणी ओढून घ्यायचं आणि तिथं एक चिमुकली नळी बसवायची. तिच्यातून हवा जाईल. वर्षाभरात ती आपली आपण पडून जाईल.

आत्याबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मालकांनी आवाज चढवला तेव्हा म्हणाल्या, "र्‍हाईल अण्णासारखा. काय वाईट झालंय अण्णाचं?"

काय वाईट झालं नव्हतं? शाळा नाही, लग्न नाही, चार माणसांत बसणं नाही. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की या मायलेकांना माझं पोरगं गिरणीतच ठेवायचंय.

भाऊजींना मीच समजावून सांगितलं होतं. नाक पुसलं, कानाला बोट लावलं, हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली, बोटांच्या चिमटीत नळी धरल्यासारखं केलं. सकाळी काही खायचं नाही, म्हणून तोंडावर हात आडवा धरला. भाऊजी माझ्या हातांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नको."

"होय," मी मान हलवली.

"नको," ते पुन्हा म्हणाले आणि उठून गेले.

म्हणून त्या सकाळी गिरणीचं कुलूप बघितल्यावर मला रागानं काही सुचेना. "बघा, बघा तुमचं सोनं!" मी आत्याबाईंना म्हणाले. असं मी त्यांना आयुष्यात एकदाच बोलले. "त्यांना सोमू आपल्यासारखाच हवाय. कुठं नेलंय माझ्या पोराला?"

आत्याबाईंनी कडी सोडली, पदर खोचला. "चल," म्हणाल्या. "मला ठावं हाय."

"कुठं?"

"तवाबी तिथंच गेला व्हता."

"तेव्हा म्हणजे कधी?"

त्या चालायला लागल्या होत्या.

गावाबाहेर बेदाण्याची शेड संपली की पलीकडं दगडाची एक जुनी खाण होती. काम कधीच बंद पडलेलं. मधे हिरवट पाणी साठलेलं, वरच्या कडेला दोन बाभळी. मी पळत होते आणि माझ्या मागून साठीची ती बाई जवळजवळ माझ्याच वेगानं येत होती. खाणीतलं पाणी दिसलं तसं मी आधी पाण्यात बघितलं.

बाभळीखाली दोघं बसले होते. भाऊजींनी आपलं उपरणं सोमूच्या डोक्याला बांधलं होतं, दोन्ही कान झाकले जातील असं. सोमू बिस्किटाचा पुडा मांडीवर घेऊन खात होता. अर्धा पुडा संपला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळी पोटात काही गेलं तर ऑपरेशन होत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

मी पुडा हिसकावून घेतला, सोमूला दंडाला धरून उठवलं. सोमू रडायला लागला. भाऊजी उठले आणि त्यांनी सोमूचा दुसरा दंड धरला. त्यांनी माझ्या इतक्या जवळ येण्याची ती पहिलीच वेळ. थोरले दीर, एरवी ते मला वाट द्यायला भिंतीला चिकटायचे. आम्ही दोघं दोन बाजूंनी पोराला ओढत होतो, आणि पोरगं मधे किंचाळत होतं.

"सोडा!" मी ओरडले. ओरडून काय उपयोग, हेही सुचलं नाही.

भाऊजींनीच आधी सोडलं. दोन पावलं मागं गेले आणि खूण करायला लागले. आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग हात जमिनीपासून वर धरला, सोमूच्या डोक्याएवढा. मी, एवढा होतो. मग दोन्ही दंड कुणीतरी आवळून धरल्यासारखे अंगाशी घट्ट धरले. मान एका बाजूला वाकडी केली. आणि वाकड्या कानात वरून काहीतरी ओतलं. त्यांचं तोंड उघडलं, डोळे मिटले, सगळं अंग आखडलं. मग मान दुसऱ्या बाजूला वाकडी केली आणि दुसऱ्या कानात ओतलं.

मग त्यांनी दोन्ही हात कानांपासून पुढं आणले आणि बोटं उघडून दाखवली. काही नाही. गेलं.

मी बघत उभी होते. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं ना?

"कुणी?" मी ओठ हलवून विचारलं. "कुणी धरलं?"

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मागं बघितलं. आणि कपाळावरून तीन बोटं आडवी ओढली.

आत्याबाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना दम लागला होता. त्या तिथंच मातीत खाली बसल्या.

"बोलायचा गं," त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, जमिनीशी बोलत होत्या. "चुरूचुरू बोलायचा. भजन सुदीक म्हणायचा, पुजाऱ्यानं त्येला नारळ दिला व्हता. सात वर्सांचा व्हता. कान वाहायचा. वास यायचा, पोरं जवळ बसंनात. कमी ऐकू यायचं, पर यायचं. ह्याचे वडील म्हनले, सांगलीला दाखवू सुगी झाल्यावर. मला धीर न्हवता. जत्रंत एक वैदू बसलेला. म्हनला, माई, एका थेंबात कान कोरडा करतो. पोरगं हाललं न्हाई पायजे, घट्ट धर."

सोमू माझ्या पदरात तोंड घालून मुसमुसत होता.

"म्या धरलं. एका कानात घातलं तवाच त्यो गुरावानी वरडला. वैदू म्हनला, औषध लागतंय, असंच वरडत्यात. दुसऱ्यात घालायला नको म्हनायचं व्हतं मला. न्हाई म्हनले. धरूनच ठिवलं."

"आणि मग?"

"मग काय? रातभर तळमळला. सकाळी उठून पळाला, त्यो हितं घावला. म्या म्हनलं, सिदा, आयकू येतंय का रं? तर माझ्या तोंडाकडं बघत बसला. तवापासनं बघतोयच."

"मामंजींना सांगितलं नाही?"

"ताप आला व्हता म्हनून सांगितलं. धाकटा तवा पाळण्यात. म्होरं वर्सं गेली, जाणती माणसं सरली, नवी लोकं म्हनाय लागली, जन्मापासनं बहिरा. म्या म्हनू दिलं. म्हनू दिलं, म्हनू दिलं, मग मलाबी तसंच वाटाय लागलं." त्यांनी मान वर केली. "पर त्यो इसरला असंल असं धरून चालले व्हते गं मी. ल्हान व्हता. एकदाबी दाखवलं न्हाई त्येनं. एवढ्या वर्सांत एकदा सुदीक न्हाई."

भाऊजी आईच्या ओठांकडं बघत होते. त्यांना किती समजलं असेल, मला माहीत नाही. सगळं समजलं असावं.

मग आत्याबाई हाताचा टेकू घेऊन उठल्या. लेकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या बाई, त्याच्या छातीपर्यंतच येत होत्या. डोईवरचा पदर खांद्यावर पडला होता, तो त्यांनी सावरला नाही. दोन्ही हात वर नेले आणि स्वतःचे कान धरले. देवापुढं धरतात तसे. आणि तशाच वाकल्या.

सोमूचं रडणं थांबलं होतं. तोही बघत होता. आजी कान धरते हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडं त्याला कान धरायला लावायच्या त्या आत्याबाईच.

मला वाटलं, भाऊजी निघून जातील. मग ते पुढं झाले, आईची दोन्ही मनगटं धरली आणि हात कानांवरून खाली घेतले. मिठी मारली नाही, डोळे पुसले नाहीत. हात खाली घेऊन सोडून दिले. सोमूकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर दोनदा थाप मारली.

"मी," ते म्हणाले.

मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. सोमूचे दंड धरल्यासारखं केलं, आईकडं बघून नकाराची मान हलवली, आणि पुन्हा छातीवर थाप मारली. "मी."

या खेपेला धरायचं असेल तर तू नाही. मी धरणार.

आम्ही चौघं एस.टी.नं मिरजेला पोचलो तेव्हा मालक दवाखान्याच्या फाटकात येरझाऱ्या घालत होते. बिस्किटांचं ऐकून डॉक्टर मेहेंदळ्यांच्या कपाळाला आठी पडली. आज भूल देता येणार नाही म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली. मी त्यांना बाजूला नेऊन खाणीवरचं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग भाऊजींना आत बोलावलं.

त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढलं. मग एका डबीतून नळी काढून भाऊजींच्या तळहातावर ठेवली. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक होती, निळसर रंगाची. भाऊजींनी ती उजेडाकडं धरली, बोटावर फिरवली, वास घेतला, जिभेला लावली. ती नळी डॉक्टरांनी बाजूच्या बशीत टाकली आणि दुसरी पाकिटबंद नळी दाखवून खूण केली, की ही घालणार. भाऊजींनी दोन बोटं वर केली. दोन कान. डॉक्टरांनी मान हलवली.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "ह्येचंबी बघा की. झालंच तर."

डॉक्टरांनी भाऊजींच्या कानात बत्ती लावली. त्यांनी खुर्चीचा दांडा गच्च धरला, पण डोकं हलवलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही कान बघायला पुष्कळ वेळ घेतला.

"नाही आजी," त्या म्हणाल्या. "आतलं सगळं जळून गेलंय. फार वर्षं झाली."

आत्याबाईंनी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सोमूला भाऊजींनीच कडेवर घेऊन नेलं. भूल चढेपर्यंत डॉक्टरांनी त्यांना आत थांबू दिलं. दार बंद झाल्यावर ते दाराला तळहात लावून उभे राहिले, गिरणीत लावतात तसे. मालकांनी त्यांना बाकावर बसवायला बघितलं, पण ते हलले नाहीत. डॉक्टर बाहेर आल्या त्या एक काचेची बाटली घेऊनच. तळाशी चमचाभर पिवळट, घट्ट, तार धरलेलं काहीतरी होतं. "हे होतं पडद्यामागं," त्या मालकांना म्हणाल्या, पण बाटली दिली भाऊजींच्या हातात.

सोमूला शुद्ध यायला दुपार झाली. ओकला, रडला, पाणी मागितलं, पुन्हा झोपला. संध्याकाळी उठून मालकांच्या मांडीवर बसला होता. वॉर्डाच्या पार टोकाला जेवणाच्या गाडीवरून एक स्टीलचं झाकण पडलं आणि घरंगळत गेलं. सोमू दचकला आणि त्यानं गर्रकन मान वळवली.

भाऊजी त्याच्यासमोर स्टुलावर बसले होते. त्यांना झाकण पडलेलं कळायचं कारण नव्हतं. त्यांना फक्त पोरानं मान वळवलेली दिसली. तेही वळून बघायला लागले, काय झालं म्हणून. तिथं काहीच नव्हतं. ते पुन्हा सोमूकडं वळले, त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, मला शेवटपर्यंत कळलं नाही. आवाज तर नव्हताच.

आज सोमू पंढरपूर रस्त्याला मोटारींच्या वायरिंगचं दुकान चालवतो. इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. बोलण्यात तर त्याला कुणी हरवत नाही. आत्याबाई जाऊन सोळा वर्षं झाली, भाऊजी त्यांच्यामागून चार वर्षांनी गेले. दोघांनी खाणीवरची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. भाऊजी आईच्या हातची भाकरी खात होते तशी खात राहिले.

पण दवाखान्यातून परत येतानाचं मला सांगायचंय. मालक ड्युटीवर गेले होते. एस.टी.त पुढच्या बाकावर भाऊजी आणि त्यांच्या मांडीवर सोमू, मागच्या बाकावर आम्ही दोघी. सोमू खिडकीत बसून सारखा दचकत होता. ट्रकचा हॉर्न वाजला की भाऊजींची बाही ओढायचा आणि बोट दाखवायचा. कंडक्टरनं घंटी मारली की बाही ओढायचा. कुठं कुत्रं भुंकलं, कुठं म्हैस हंबरली, की बाही ओढून बोट. तो दाखवायचा तो आवाज, आणि भाऊजी दर वेळी वळून त्या दिशेला बघायचे, न चुकता, जणू त्यांना तिथं काही दिसतंय.

आत्याबाई पाठमोऱ्या लेकाकडं बघत होत्या. कवलापूर मागं पडल्यावर हळूच म्हणाल्या, "त्येनं मला माफ केलं का गं?"

"विचारा की त्यांनाच," मी म्हणाले.

त्यांनी आपल्या मांडीवरच्या हातांकडं बघितलं.

"कशी इचारू? माफ कर म्हनायची खून हाय. ती करून झाली. 'केलंस का' म्हनायची खून कुठली करू?"

मी खूप आठवून बघितलं. आमच्या घरात भूक होती, ताप होता, पाऊस होता, पाहुणे होते, प्रत्येकाला खूण होती. ही नव्हती. आणि ती करून दाखवायची तर भाऊजींनी आधी वळून बघायला हवं होतं. ते सोमूच्या बोटाकडं बघत होते.